टोयोटाचा पैसा, तुर्भ्याचा अहवाल

टोयोटाचं घराणं मूळचं मागवाल्यांचं, हे सोलापुरात सांगताना मजा येते. साकिची टोयोदा यांनी १९२४ साली एक स्वयंचलित माग बनवला. धोट्यातलं सूत संपत आलं की माग न थांबता नवा धोटा आपोआप आत जायचा, त्यामुळे एका कामगाराला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. इंग्लंडात ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही तेव्हा कापडगिरण्यांची यंत्रं बनवणारी बलाढ्य कंपनी होती. तिने १९२९ मध्ये या मागाचे हक्क विकत घेण्याचा करार केला. रक्कम ठरली १ लाख पौंड. त्याच सुमारास साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारीच्या नादाला लागला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे एका शोधाचा हक्क विकून घराण्याचा धंदा बदलतो, हे या कुटुंबाने स्वतः पाहिलेलं होतं. साठ वर्षांनी याच कुटुंबातल्या मिनोरू टोयोदा यांनी अशाच एका शोधावर पैसा लावला, या वेळी विकणाऱ्याच्या नव्हे तर घेणाऱ्याच्या बाजूने. फ्रान्समध्ये नीस शहराजवळ सोफिया अँटिपोलिस नावाचं विज्ञान-नगर आहे. तिथे ‘इम्रा’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९९२ पासून दोन रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. मार्टिन फ्लायशमन आणि स्टॅनली पॉन्स. संस्थेच्या फ्रेंच नावातला ‘एम’ हा मिनोरू यांचाच. अमेरिकेत या दोघांची तोवर इतकी छी-थू झाली होती की विद्यापीठांची दारं त्यांना बंद झाल्यातच जमा होती. प्रयोगशाळा १९९८ मध्ये बंद झाली, तोवर या कामावर सुमारे १ कोटी २० लाख पौंड खर्च झाले होते. हाती विकण्याजोगं काहीच लागलं नाही.

टोयोटासारख्या शहाण्या घराण्याने हा खर्च का केला असेल? या प्रकरणात मला मुख्यतः त्याचाच शोध घ्यायचा आहे.

आधी ते दोघे काय म्हणत होते ते पाहू. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पत्रकार परिषद झाली. पॉन्स तिथे रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख. फ्लायशमन इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचे, रॉयल सोसायटीचे फेलो, विद्युत-रसायनशास्त्रातलं मोठं नाव. जड पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात पॅलेडियमची कांडी बुडवून वीज सोडली, तर घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते आणि ती रासायनिक असणं शक्य नाही, असा त्यांचा दावा होता. मग ती कसली? तर अणुकेंद्रांच्या संमीलनाची. प्रयोगांवर त्यांनी पदरचे सुमारे १ लाख डॉलर घातले होते.

जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम असतो. ड्यूटेरियमची दोन केंद्रं एकत्र आली की प्रचंड ऊर्जा सुटते. पण दोन्हींवर धन विद्युतभार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात, आणि त्यांना जवळ आणायला सूर्यात आणि हायड्रोजन बॉम्बमध्ये कोट्यवधी अंशांचं तापमान लागतं. पॅलेडियम हा धातू मात्र विलक्षण. तो स्वतःच्या आकारमानाच्या कितीतरी शे पट हायड्रोजन पोटात रिचवतो. त्या दाटीवाटीत ड्यूटेरियमची केंद्रं टेबलावरच्या भांड्यात, साध्या तापमानाला एकत्र येत असावीत, अशी या दोघांची कल्पना होती. तिचं नाव पडलं कोल्ड फ्यूजन.

कल्पना खरी असती तर हिशेब असा. एक लिटर साध्या पाण्यात जेमतेम एक तीसांश ग्रॅम ड्यूटेरियम असतं, पण त्या सगळ्याचं संमीलन झालं तर सुमारे ३०० लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळेल. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं. एवढ्या पाण्यावर आपण जी भांडणं करतो, त्यांचं पुढे काय झालं असतं याचा विचार वाचकाने स्वतःच करावा.

भौतिकशास्त्रज्ञांची पहिली हरकत साधी होती आणि आजही ती तितकीच जड आहे. ड्यूटेरियमच्या संमीलनात निम्म्या वेळी न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि निम्म्या वेळी ट्रिटियम तयार होतं. एक वॉट उष्णता या मार्गाने निघत असेल, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. इतक्या माऱ्यात भांड्याजवळ उभा राहिलेला माणूस वाचला नसता. पॉन्स आणि फ्लायशमन तर धडधाकट होते. त्यांनी न्यूट्रॉनचं म्हणून जे मोजमाप दाखवलं तेही चुकीचं निघालं.

इथवरची गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकांत सापडते. पैशाची गोष्ट मात्र तिच्या आधीच सुरू झाली होती. शोधनिबंध छापून येण्यापूर्वी, पत्रकार परिषदेच्याही आधी, पेटंटचा अर्ज तयार होता. शेजारच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स हे भौतिकशास्त्रज्ञ याच दिशेने काम करत होते, आणि ते आधी बोलले तर हक्क जातील, अशी युटा विद्यापीठाला धास्ती होती. घाई झाली ती यामुळे. युटा राज्याच्या विधिमंडळाने ५० लाख डॉलर मंजूर केले आणि त्यातून ‘नॅशनल कोल्ड फ्यूजन इन्स्टिट्यूट’ उभी राहिली. २६ एप्रिलला विद्यापीठाची मंडळी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे २ कोटी ५० लाख डॉलर मागायला गेली. सोबत आयरा मॅगझिनर नावाचे व्यवस्थापन सल्लागार होते. त्यांच्या मांडणीत विज्ञान बेताचंच होतं आणि जपान भरपूर. आपण पैसे घातले नाहीत तर जपान हा उद्योग घेऊन जाईल, असं त्यांनी समितीला बजावलं. शोध खरा की खोटा हे ठरण्याआधीच तो हातातून निसटण्याची भीती विकायला काढली गेली होती.

तो पैसा आला नाही. मेच्या आरंभी बाल्टिमोरला अमेरिकन फिजिकल सोसायटीची बैठक झाली. तिथे कॅलटेकच्या नेथन लुइस आणि स्टीव्हन कूनिन यांनी या दाव्याच्या चिंधड्या उडवल्या. नोव्हेंबरमध्ये ऊर्जा खात्याच्या समितीनेही नकार नोंदवला. १९९१ मध्ये युटाची ती संस्था बंद पडली.

आता तुर्भ्याकडे वळू, कारण महाराष्ट्रातली गोष्ट तिथे घडली. भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक तेव्हा पी. के. अय्यंगार होते. १९७४ च्या पोखरण चाचणीतलं त्यांचं काम सर्वांना माहीत होतं. युटाची बातमी आली आणि काही आठवड्यांतच केंद्रातले डझनभर गट कामाला लागले. न्यूट्रॉन भौतिकी विभागाचे महादेव श्रीनिवासन त्यांत आघाडीवर होते. जगातल्या बहुतेक विद्यापीठांना या प्रयोगासाठी जड पाणी मिळवण्यापासून सुरुवात करावी लागत होती. इथे जड पाणी घरचंच. ट्रिटियम आणि न्यूट्रॉन मोजणं हा तर अणुभट्ट्या चालवणाऱ्यांचा रोजचा धंदा. पॉन्स आणि फ्लायशमन ज्यात कच्चे होते, नेमकं त्यात तुर्भ्याचं केंद्र पक्कं होतं.

म्हणून तुर्भ्याच्या लोकांनी उष्णतेपेक्षा अणुकेंद्रीय पुराव्यावर भर दिला. उष्णता मोजताना हजार चुका होऊ शकतात. ट्रिटियम मात्र एकतर असतं किंवा नसतं. त्यांनी जड पाण्याचं विद्युत-विघटन केलं. टायटॅनियममध्ये थेट ड्यूटेरियम वायू मुरवला. त्या टायटॅनियमच्या चकत्या क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवून फिल्मवर डाग उमटतात का, तेही पाहिलं. अनेक गटांनी ट्रिटियम सापडल्याचं नोंदवलं. चमत्कारिक भाग असा की न्यूट्रॉनच्या तुलनेत हे ट्रिटियम लाखो-कोट्यवधी पटींनी जास्त होतं, तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे दोन्ही जवळपास सारखी असायला हवीत. अय्यंगारांनी जुलै १९८९ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले. डिसेंबरमध्ये ‘बीएआरसी-१५००’ या क्रमांकाचा अहवाल निघाला. संपादक अय्यंगार आणि श्रीनिवासन.

टीकाकारांचं म्हणणं असं की अणुभट्ट्यांच्या आवारात ट्रिटियम सापडण्यात नवल ते काय. पाण्यात, धातूत, हवेत ते आधीपासून शिरलेलं असू शकतं. तुर्भ्याच्या लोकांनी त्यावर उत्तरं दिली, पण जगाची खात्री पटली नाही. हवं तेव्हा, हवं त्याला तेच निकाल मिळतील अशी कृती त्यांनाही देता आली नाही. माझ्या मते तिथेच हा दावा कच्चा राहिला. १९९० मध्ये अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि पुढच्या काही वर्षांत केंद्रातलं हे काम हळूहळू विझलं.

इतकं सगळं झालं, पण तुर्भ्याच्या दारात एकही कंपनी आली नाही. येणार तरी कशी? १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने हे क्षेत्र सरकारपुरतं राखून ठेवलं होतं, आणि १९७० च्या पेटंट कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अणुऊर्जेशी संबंधित शोधाला पेटंटच मिळत नसे. युटात पेटंटचा वकील शास्त्रज्ञांच्या आधी धावत होता, तर तुर्भ्यात वकिलाला काही कामच नव्हतं. लपवण्यासारखं काही नसल्याने अहवालात उपकरणं, पद्धती, आकडे सगळं मांडलेलं आहे. ज्यांना ते निष्कर्ष चुकीचे वाटतात, तेही नेमकं कुठे चुकलं यावर त्या पानांच्या आधारे बोलू शकतात. कंपन्यांच्या पैशावर झालेल्या बऱ्याच कामाबद्दल असं म्हणता येत नाही.

आता पुन्हा मूळ प्रश्न. टोयोटाच नव्हे, जपानच्या सरकारी ‘न्यू हायड्रोजन एनर्जी’ कार्यक्रमाने १९९७ पर्यंत सुमारे २ कोटी डॉलर घातले. अमेरिकेत वीज कंपन्यांची सामाईक संशोधन संस्था, ‘एप्री’, कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनलमध्ये मायकेल मॅकुब्रे यांचे प्रयोग चालवत होती. तिथे २ जानेवारी १९९२ रोजी स्फोट होऊन अँड्र्यू रायली हे संशोधक गेले. कारण अणुकेंद्रीय नव्हतं. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजनचा साधा रासायनिक भडका. जपानमध्ये मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजचे यासुहिरो इवामुरा पॅलेडियमच्या थरांतून एका मूलद्रव्याचं दुसरं बनतं, असे निकाल मांडत होते.

हे सगळे भोळे नव्हते. सोलापुरात हद्दवाढीच्या अफवेवर लोक शेताचा इसार देऊन ठेवतात. जमीन बिगरशेती होईलच असं कुणी समजत नाही. पण झाली तर ती शेजाऱ्याच्या नावावर असू नये, एवढ्यासाठी इसारपावती. कंपन्यांचं कोल्ड फ्यूजनमधलं स्वारस्य याच जातीचं आहे. ज्या कंपनीचा अब्जावधींचा धंदा पेट्रोलवर किंवा कोळशावर उभा आहे, तिला एक कोटी डॉलरचा इसार परवडतो. त्यातून ती खात्री विकत घेत नाही, फक्त रांगेतली जागा राखते. म्हणून ‘अमुक बड्या कंपनीने पैसे घातले आहेत, म्हणजे काहीतरी असणारच’ हा युक्तिवाद फोल आहे. त्या पैशातून कंपनीची भीती किती आहे ते कळतं. भांड्यात काय चाललंय ते कळत नाही.

आणि इसार घेणारेही सगळे सारखे नसतात. पॉन्स आणि फ्लायशमन यांनी चूक केली असेल, घाई तर नक्कीच केली, पण ते जाणते प्रयोगकर्ते होते. इटलीच्या आंद्रेया रॉसी यांची कथा निराळी. जानेवारी २०११ मध्ये बोलोन्यात त्यांनी ‘ई-कॅट’ नावाचं यंत्र दाखवलं. निकेलची पूड, हायड्रोजन आणि एक गुप्त उत्प्रेरक. आत पाणी जातं, बाहेर वाफ येते, आणि लागणाऱ्या विजेपेक्षा वाफेतली उष्णता कितीतरी पट.

बॉयलर चालवणाऱ्या कुणालाही इथे एक शंका येईल आणि ती अगदी रास्त आहे. वाफ कोरडी होती की ओली? एक किलो पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात, पण त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी ५४०. यंत्रातून बरंचसं उकळतं पाणी तसंच बाहेर पडत असेल आणि आपण ‘सगळी वाफ झाली’ असं धरून हिशेब केला, तर उष्णतेचा आकडा खऱ्याच्या आठ पटींपर्यंत फुगू शकतो. रॉसींच्या सुरुवातीच्या चाचण्यांवर नेमकी हीच हरकत घेतली गेली. सोलापूरच्या रंगाईच्या कारखान्यातला अनुभवी बॉयलर अटेंडंट त्या दिवशी बोलोन्यात असता, तर कदाचित पहिला प्रश्न त्यानेच विचारला असता.

तरीही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ‘इंडस्ट्रियल हीट’ कंपनीने रॉसींशी करार करून १ कोटी १५ लाख डॉलर दिले. तिचे प्रमुख टॉम डार्डन हे प्रदूषित जमिनी साफ करून विकण्याच्या व्यवसायातले मुरलेले गुंतवणूकदार. फ्लोरिडात वर्षभर एक मेगावॉटच्या संचाची चाचणी चालली. ती यशस्वी झाली, उरलेले ८ कोटी ९० लाख डॉलर द्या, असं म्हणत २०१६ मध्ये रॉसींनी खटला भरला. कंपनीने उलट दावा ठोकला. इतकी उष्णता खरंच निघत होती तर त्या इमारतीतून ती गेली कुठे, आणि ती वाफ विकत घेणारा ग्राहक खरा होता का, असे तिचे सवाल होते. जुलै २०१७ मध्ये तडजोड झाली. परवाना रॉसींकडे परत गेला, ८ कोटी ९० लाख काही मिळाले नाहीत. याच इंडस्ट्रियल हीटमध्ये इंग्लंडच्या नील वुडफर्ड यांच्या फंडाचाही पैसा होता. तो फंड जून २०१९ मध्ये गोठवला गेला. त्याच्या बुडण्यामागे इतर अनेक कारणं होती, पण आयुष्याची पुंजी त्यात ठेवलेल्या सामान्य इंग्रज पेन्शनरांना आपले पैसे कोल्ड फ्यूजनमध्येही आहेत, याची कल्पना असेल असं मला वाटत नाही.

या सगळ्या मंडळींत मला मान द्यावासा वाटतो तो गूगलला. २०१५ पासून त्यांनी सुमारे ३० संशोधकांना कामाला लावलं, १ कोटी डॉलर खर्च केले, आणि मे २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये सरळ सांगितलं की कोल्ड फ्यूजनचा पुरावा सापडला नाही. पॅलेडियममध्ये समर्थक म्हणतात तितकं ड्यूटेरियम ठासणंच किती अवघड आहे, हेही त्यांनी दाखवलं. आपलं अपयश छापून मोकळी होणारी कंपनी विरळाच. त्या गटातले कर्टिस बर्लिंगेट कॅनडातल्या आपल्या प्रयोगशाळेत पुढे काम करत राहिले. २०२५ मध्ये त्यांनी दाखवलं की पॅलेडियमवर ड्यूटेरियमचा मारा करताना विजेच्या साहाय्याने त्यात आणखी ड्यूटेरियम भरलं, तर संमीलनाचा वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढतो. हे खरं, मोजलेलं, न्यूट्रॉनसकट सिद्ध केलेलं संमीलन आहे. पण घातलेल्या विजेपुढे मिळालेली ऊर्जा नगण्य, आणि तसं ते स्वतःच सांगतात.

अमेरिकी ऊर्जा खात्याच्या एका विभागाने २०२३ मध्ये या विषयावरच्या आठ प्रकल्पांना मिळून १ कोटी डॉलर दिले. जपानात इवामुरा आता तोहोकू विद्यापीठात ‘क्लीन प्लॅनेट’ या कंपनीबरोबर निकेल-तांब्याच्या पातळ थरांवर काम करतात. त्या कंपनीत पैसा घातला आहे मिउरा या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीने, आणि २०२१ मध्ये दोघांनी औद्योगिक बॉयलर विकसित करण्याचा करार जाहीर केला. असा बॉयलर बाजारात अजून आलेला नाही. आपल्याकडे हैदराबादच्या ‘हायलेनर’ या नव्या कंपनीला २०२४ मध्ये या तंत्रावर भारतीय पेटंट मिळाल्याच्या बातम्या आल्या. पेटंट म्हणजे कल्पना नवी असल्याची नोंद. यंत्र चालतं याची हमी पेटंट कार्यालय देत नाही.

हैदराबाद सोलापूरपासून एका रात्रीच्या प्रवासावर. चादरी-टॉवेलचं सूत रंगवायला वाफ लागते आणि वाफेला जळण. फताटेवाडीच्या एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प शेजारी असूनही विजेचं बिल कमी झालेलं नाही. तेव्हा ‘निम्म्या खर्चात वाफ’ म्हणत कुणीतरी एखाद्या दिवशी एमआयडीसीत येईलच. त्याला हाकलून देऊ नका. यंत्र आठवडाभर तुमच्या आवारात चालवायला सांगा. विजेचं मीटर तुमचं, आत जाणाऱ्या पाण्याचं मीटर तुमचं, आणि बाहेर येणारी वाफ थंड पाण्याच्या मोजलेल्या टाकीत सोडून पाणी किती अंशांनी तापलं ते तुमच्या माणसाने पाहायचं, म्हणजे कोरड्या-ओल्या वाफेचा वादच उरणार नाही. आतलं गुपित सांगू नका म्हणावं हवं तर. मोजमापाला मात्र नकार मिळाला, तर आगाऊ एक रुपयाही देऊ नका.